बांधलेलं आणि मोकाट यांच्या मधलं

राणीसावरगावच्या शिवारात बालाघाटाचा डोंगर उतरत येतो, तिथं आमच्या शेताच्या कडेला जुनी झाडी आहे. चिंच, कडुलिंब, दोन म्हातारे आंबे, बांधावर सीताफळाची दाटी आणि खाली वर्षानुवर्षांचा पालापाचोळा. कोणी तिला बाग म्हणतं, कोणी राई. रोज सकाळी ऊन चढायच्या आत मी हरणीला दोरी लावून तिथं नेतो. हरणी म्हणजे आमची कुत्री. अंगानं सडपातळ, छाती खोल, पोट आत गेलेलं, कानांवर मऊ लोंबते केस. झाडीत शिरलं की पहिल्याच चिंचेच्या बुंध्याशी ती थांबते आणि हुंगायला लागते. एक मिनिट जातं, दोन जातात. मीही थांबतो. दूध घालायला निघालेले शेजारचे काका एकदा न राहवून म्हणाले, "कशामुळं उभं ऱ्हायलाव? ओढा की तिला. काय हुंगायलीय एवढं?"

काकांना मी तेव्हा नुसतं हसून दाखवलं. पण प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही.

आपल्याकडे कुत्र्याशी बोलायचे शब्द थोडेच. जवळ बोलवायला ‘यू यू’, घालवायला ‘हाड’, कुणाच्या अंगावर सोडायला ‘छू’. ‘कुत्र्याला फिरवून आणतो’ हे वाक्य गावात अगदी अलीकडचं. पूर्वी त्याची गरज नव्हती. कुत्रं बैलगाडीच्या सावलीत चालत शेतावर जायचं, दिवसभर गुरांमागं हिंडायचं, रात्री खळ्यावर झोपायचं. आता बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आली, रस्त्यावर गाड्यांची वर्दळ वाढली, घरांना लोखंडी फाटकं आली आणि पैसे मोजून आणलेलं जातिवंत कुत्रं त्या फाटकाशी साखळीनं बांधलं गेलं. त्यामुळं गावात दोनच प्रकारची कुत्री उरली. काही दिवसभर चार हातांच्या साखळीवर, बाकीची मोकाट. बांधलेलं कुत्रं त्याच वर्तुळात फिरून फिरून जमीन घासून काढतं, पानाच्या सळसळीवरही भुंकतं आणि एखाद्या दिवशी साखळी सुटली की समोर येईल त्याला चावतं. मग लोक म्हणतात, कुत्रं बिघडलं. माझं स्पष्ट मत आहे की ते आपण बिघडवलेलं असतं.

आपल्या कायद्यानं हे फार आधी ओळखलं होतं, ही गोष्ट थोड्यांना ठाऊक आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. त्याच्या 11 व्या कलमात क्रूरतेचे प्रकार सांगितले आहेत. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं जनावर फार वेळ बांधून ठेवणं हा त्यातला एक. त्याच्याच पुढं खास कुत्र्यासाठी वेगळं पोटकलम आहे. नेहमी साखळीवर किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम देण्यात मालकानं हयगय केली, तर तीही क्रूरताच. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. रक्कम तेव्हाची आहे, आज तिचा धाक कुणाला वाटणार नाही. पण कुत्र्याला फिरवणं ही हौस नसून मालकाचं कर्तव्य आहे, हे या देशानं साठ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं.

आता काकांच्या प्रश्नाकडं येतो. हरणी एवढं काय हुंगते?

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, त्या 20 ते 30 कोटींपर्यंत जातात. पण फरक नुसत्या संख्येचा नाही, नाकाची बांधणीच वेगळी आहे. आपण श्वास घेतो आणि त्याच वाटेनं सोडतो. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला एक चीर असते. आत घ्यायची हवा समोरून जाते आणि बाहेर सोडायची त्या चिरेतून बाजूला फेकली जाते. त्यामुळं समोरचा वास विस्कटत नाही, उलट बाजूला गेलेल्या झोतानं जमिनीवरची धूळ हलते आणि नवा वास वर येतो. कधी मातीत नाक घालून हुंगणारं कुत्रं जवळून बघा. नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंना धुळीत बारीक रेघा उमटलेल्या दिसतील. आत गेलेल्या हवेचेही दोन भाग होतात, एक फुफ्फुसाकडं आणि दुसरा नाकाच्या मागच्या कप्प्यात, जिथं वास ओळखला जातो. शिवाय टाळूच्या वर वासाचं एक वेगळं इंद्रिय असतं. दुसऱ्या कुत्र्याच्या मुतातून तो नर की मादी, माजावर आहे का, याची खबर त्यातून लागते.

म्हणजे चिंचेचा तो बुंधा हरणीसाठी गावचा चावडीफलक आहे. रात्री इथून कोण गेलं, कोल्हा की रानमांजर, शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा येऊन किती वेळ झाला, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. आपण दोरी ओढतो तेव्हा वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाच्या हातातून पान हिसकावतो. पहाटे हवा थंड आणि दमट असते, वास जमिनीलगत टिकून राहतात. म्हणून सकाळची झाडी हुंगायला सगळ्यांत संपन्न.

हुंगण्यानं कुत्र्याच्या मनावर काय परिणाम होतो, याचा एक सुरेख प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. शार्लोट ड्यूरंटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोन संशोधक महिलांनी घरगुती कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधायचा सराव दिला. दुसऱ्याला तितकेच दिवस मालकाच्या पायाशी चिकटून शिस्तीत चालायचा. खाऊ दोन्ही गटांना मिळत होता. सरावाच्या आधी आणि नंतर एक साधी परीक्षा घेतली. एका जागी ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ असतो, दुसऱ्या जागच्या भांड्यात कधीच नसतो, हे कुत्र्यांना शिकवलेलं होतं. मग भांडं दोहोंच्या मधोमध ठेवलं. आता आत खाऊ असेल की नसेल? ज्याचं मन आशेवर आहे ते कुत्रं भराभर जाईल, जे खचलेलं आहे ते रेंगाळेल. हुंगणारी कुत्री सरावानंतर पहिल्यापेक्षा लवकर भांड्याकडं गेली. शिस्तीत चालणाऱ्यांत असा बदल दिसला नाही. कुत्र्याला स्वतःच्या नाकानं काही शोधू दिलं की त्याचा स्वभाव हलका होतो, असा याचा अर्थ. एक किलोमीटर फरफटत नेण्यापेक्षा दोनशे पावलं हुंगत नेणं कुत्र्याला जास्त मानवतं, हा माझाही रोजचा अनुभव. हरणी अर्धा तास असं चालून आली की दुपारभर शांत झोपते.

मग दोरी तरी कशाला? सोडून द्यावं की झाडीत, असं कुणीही म्हणेल. याचं उत्तर हरणीच्या रक्तात आहे.

ती पुरती जातिवंत नाही, पण आईकडून पश्मी आहे. मराठवाडा, सोलापूर आणि लगतच्या कर्नाटकात ही शिकारी कुत्र्यांची देशी जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. गुळगुळीत केसांचं ते कारवान, आपल्या बोलीत कारवानी, आणि कानांवर, पायांवर, शेपटीला मऊ झालर असेल ते पश्मी. पश्म म्हणजे लोकर, फारसी शब्द. मध्य आशियातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर, यांचे पूर्वज इकडं आले असं मानलं जातं. कर्नाटकातल्या मुधोळचं नाव मिळालेलं मुधोळ हाऊंड हे याच कुळातलं. भारतीय टपाल खात्यानं 2005 मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात ते होतं. मुधोळ हाऊंड पुढं लष्करातही घेतलं गेलं. आपल्या भागात ही कुत्री बघायची तर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जावं. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजाराबरोबर श्वानांचं प्रदर्शनही असतं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतात. दत्ताच्या भोवती चार कुत्री. आणि आमचा तालुका गंगाखेडचा, म्हणजे जनाबाईचा. ती ज्या नामदेवांच्या घरी राहिली, त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्यानं भाकरी पळवली तर कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. ज्या मातीत ही कथा सांगितली जाते, तिथं कुत्र्याला दिवसभर उन्हात साखळीवर ठेवणं मला सहन होत नाही.

कारवानी, पश्मी, मुधोळ ही नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारी कुत्री. लांब चेहरा, दूरवर पोचणारी नजर. हललेलं काही दिसलं की विचार करायच्या आत पाय सुटतात. यांच्याच घडणीचा विलायती ग्रेहाऊंड ताशी 60 किलोमीटरच्या पुढं पळतो. एकदा सुटलं की हाक ऐकू जात नाही. जातही असेल, पण मेंदू घेत नाही. हरणी वर्षाची असताना माझ्या हातून एकदा सुटली. सीताफळाच्या बुडातून ससा उठला आणि मला फक्त दोरीचं टोक मातीतून सरपटताना दिसलं. ससा वाचला. हरणी मात्र काटेरी तारेत छाती फाडून आली. सात टाके पडले. चूक माझी होती, मी दोरी बोटात नुसती अडकवली होती.

आणि प्रश्न एकट्या कुत्र्याचाही नाही. झाडी त्याच्या आधीपासून दुसऱ्यांची आहे. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मध्ये अंडी घालते. अंडी मातीच्याच रंगाची, माणसाचा पाय पडला तरी कळत नाही. तितर, लावरी, मोर, सगळ्यांची घरटी जमिनीवरच. सशाची पिल्लं गवताच्या खळग्यात निपचित पडून असतात, तीच त्यांची बचावाची रीत, पण कुत्र्याच्या नाकापुढं ती चालत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. वन्य प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हुसकावणं आणि तसा प्रयत्न करणं हेही शिकारीतच धरलं आहे. तेव्हा ‘आमच्या कुत्र्यानं धरलं नाही, नुसतं पळवलं’ ही सबब कायद्यापुढं टिकत नाही.

दोरी लावली म्हणजे सगळं साधलं असंही समजू नये. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या जंगलवाटांवर पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी केलेला अभ्यास 2007 मध्ये आला. कुत्री दोरीला धरूनच नेली होती. तरीही ती जिथून गेली तिथं दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती 35 टक्क्यांनी आणि एकूण पक्षी 41 टक्क्यांनी कमी झाले. जिथं कुत्री रोज फिरवली जातात आणि जिथं त्यांना बंदी आहे, दोन्ही ठिकाणी तेच. नुसता माणूस गेला तर परिणाम याच्या निम्म्याहून कमी. पक्ष्याला दोरी दिसत नाही, त्याला लांडग्याचा भाऊ दिसतो. हे वाचल्यावर मी माझी वाट बदलली. आता आम्ही झाडीच्या मधोमध जात नाही, एकाच ठरलेल्या पायवाटेनं कडेकडेनं जातो, म्हणजे आतला भाग पाखरांना राहतो. चैत्र ते श्रावण, टिटव्यांचे दिवस, माळाकडची बाजू पूर्ण सोडून देतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तिचं घरटं जवळ आहे, तिथून मागं फिरायचं. अभयारण्यात तर कुत्रं न्यायचंच नाही, दोरीनंही नाही.

रोगाचंही तसंच आहे. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार जंगलात गेला तर काय होतं ते जगानं पाहिलं आहे. 1994 मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह त्यानं मेले. संशय भोवतालच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांवर गेला आणि पुढं त्या कुत्र्यांना लसी देण्याची मोहीम निघाली. 2018 मध्ये आपल्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह थोड्या आठवड्यांत दगावले, त्यांच्यातही हाच विषाणू सापडला. आपल्या बालाघाटात सिंह नाहीत, पण कोल्हे, खोकडं, लांडगे आहेत. लस न टोचलेलं कुत्रं झाडीत नेऊ नये. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची साधारण तीन महिन्यांनी, आणि पुढं डॉक्टर सांगतील तशा दरवर्षी. हा मुद्दा मी कुणाच्याही घरी हट्टानं मांडतो.

दोरी कशी असावी हे सांगताना थोडं रेंगाळतो, कारण चूक इथंच होते. बाजारात मिळणारी लोखंडी साखळी फिरवायला निरुपयोगी. ती जड असते, वाजते, हाताला कापते. सुती किंवा नायलॉनची चपटी पट्टी चांगली, पाच-सहा हात लांब. गुंडाळी होत जाणारी बटणाची दोरी झाडीत बुडांना अडकते आणि हिसका बसला की हातातून निसटते. दोरीचं टोक मनगटाला गुंडाळू नका, कुत्र्यानं झेप घेतली तर मनगट मोडेल. फास अंगठ्यात अडकवा आणि मूठ त्यावर बंद करा.

गळ्यातला पट्टा, ज्याला आपण बेल्ट म्हणतो, तो ओळखीच्या बिल्ल्यासाठी ठेवा. दोरी शक्यतो छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या हार्नेसला लावा. ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा रुतला की श्वासनळी दाबली जाते, आणि डोळ्याच्या आतला दाबही वाढतो. 2006 च्या एका अभ्यासात हा दाब मोजला होता. गळपट्ट्याला ओढताना तो वाढला, हार्नेसला ओढताना वाढला नाही. कारवानी, पश्मीसारख्या कुत्र्यांची आणखी एक अडचण. त्यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, त्यामुळं साधा पट्टा मागं खेचला की सरळ डोक्यावरून निघून येतो. त्यांना रुंद पट्टा किंवा नीट बसणारा हार्नेसच हवा, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढा सैल. काटेरी किंवा आवळत जाणारे पट्टे विकायला येतात. घेऊ नका. दुखलं म्हणून थांबणारं कुत्रं चालायला शिकत नाही, दुखण्याचा राग समोर दिसेल त्याच्यावर काढायला शिकतं.

सैल दोरीनं चालायला शिकवणं अवघड नाही, वेळखाऊ आहे. नियम एकच. दोरी ताणली की आपण झाड व्हायचं. हिसका द्यायचा नाही, ओरडायचं नाही, नुसतं थांबायचं. कुत्रं मागं वळून बघेल, एक पाऊल मागं येईल, दोरी सैल पडेल. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणून पुढं चालायचं, वाटल्यास भाकरीचा तुकडा द्यायचा. पहिले चार-पाच दिवस आपण फाटकापासून वीस पावलंसुद्धा जाणार नाही. लोक हसतील. दोन-तीन आठवड्यांत कुत्र्याला उमगतं की ओढलं तर वाट बंद होते आणि सैल ठेवलं तर वाट उघडते. हुंगायला मात्र सूट द्यायची, तेच त्याचं बक्षीस. चाल त्याची असू द्या, दिशा तुमची.

दोरीला असलेलं कुत्रं दुसऱ्या कुत्र्यावर जास्त भुंकतं, हे सगळ्यांनी पाहिलं असेल. याचं कारण साधं आहे. घाबरलेल्या जनावरापुढं दोन वाटा असतात, पळ किंवा लढ. दोरीनं पळायची वाट बंद होते, उरते ती दुसरी. त्यात आपण घाबरून दोरी आखडली की कुत्र्याला खात्रीच पटते, समोर संकट आहे. वस्तीवरची कुत्री समोरून आली तर सरळ तोंडावर जाऊ नका. अर्धगोल वळसा घाला, दोरी जरा सैल सोडा, तुम्ही स्वतः बोलत, शांत चालत राहा. कुत्रीही एकमेकांना अशीच वळसा घेऊन भेटतात. सरळ रेषेत चालून जाणं ही त्यांच्या भाषेत आगळीक आहे. माणसांचीही कदर ठेवा. एखादी आजी, शाळेला निघालेली पोरं कुत्र्याला भितात. ‘काही करत नाही हो’ म्हणण्यापेक्षा बाजूला होऊन दोरी जवळ धरावी, हा त्यांचा हक्क आहे. रेबीजनं जगात दरवर्षी अंदाजे 59 हजार माणसं मरतात आणि त्यांतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भारतात. भीती उगीच नाही. कुठल्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्यानं, साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

आमच्याकडचे ऋतूही समजून घ्यावे लागतात. परभणीचा वैशाख म्हणजे 42 अंशांच्या पुढं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, थोडा पंज्यांना येतो, बाकी सगळी उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. त्याचं नेहमीचं तापमानच आपल्यापेक्षा जास्त, साडेअडतीस ते एकोणचाळीसच्या आसपास. एक्केचाळीसच्या पुढं गेलं की जीव धोक्यात. म्हणून उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत निघायचं आणि झाडीतूनच चालायचं. डांबरी रस्त्यावर आपला उलटा हात सात सेकंद ठेवून बघा. ठेववला नाही तर त्याचे पंजेही भाजतील. लाळ गळायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले, तर आधी सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखान्याकडं निघा. आधी गार करणं, नंतर पळवणं. फिरण्याच्या लगेच आधी किंवा नंतर पोटभर खायला घालू नका. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट पिळलं जाण्याचा धोका असतो आणि तो काही तासांत जीव घेऊ शकतो.

पावसाळ्यानंतरचा शत्रू म्हणजे कुसळ. आमच्या माळावरचं कुसळी गवत दसरा-दिवाळीच्या सुमाराला वाळतं. त्याच्या बीला सुईसारखं टोक असतं, टोकाला मागं वळलेले बारीक ताठ केस आणि शेपटीला पीळ पडलेला लांब तंतू. दव पडलं की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि प्रत्येक वेळी टोक जमिनीत थोडं खोल जातं. निसर्गानं ते स्वतःला पेरून घेण्यासाठी केलं आहे. पण तेच कुसळ कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात अडकलं की तिथली ओल त्याला फिरवते, आणि मागं वळलेल्या केसांमुळं ते फक्त पुढं जातं, परत येत नाही. मागल्या दिवाळीत हरणी एक पाय चाटत बसली होती. बेचक्यात बाहेरून एक लाल ठिपका दिसत होता, बस. चिमट्यानं ओढलं तर बोटाच्या पेराएवढं कुसळ निघालं, टोकाला पू. कानात गेलं तर कुत्रं डोकं झटकत राहतं, नाकात गेलं तर सारखं शिंकतं. अशा वेळी स्वतः कोरत बसू नका. आपल्या भागात परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तालुक्याला सरकारी दवाखाना आहे.

गोचिडीबद्दल एक गैरसमज आहे की ती झाडीतून येते. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड बहुतेक घरातच वाढते, भिंतीच्या भेगांत, कुत्र्याच्या बसायच्या पोत्याखाली. एक मादी हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही, जागाही साफ करावी लागते. फिरून आल्यावर कानाच्या आत, बगलेत, बोटांमध्ये हात फिरवावा. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ उपसावी. रॉकेल टाकू नये, काडीनं चटका देऊ नये, बोटांनी चिरडू तर मुळीच नये. गोचीडतापाची सुरुवात खाणं सोडण्यानं होते, आणि कुत्र्याचं दोन दिवस न खाणं आपण ‘उन्हानं असेल’ म्हणून घालवतो.

पावसाळ्यात काट्याकुट्यांच्या ढिगाजवळ, दगडी बांधाजवळ दोरी आखूड धरा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडं आहेत, आणि कुत्रं नाक पुढं करूनच चौकशी करतं, त्यामुळं दंश तोंडावर होतो. बांधू नका, चिरू नका, सरळ डॉक्टर गाठा. कण्हेर, धोतरा यांपासून आणि फवारणी केलेल्या कपाशीच्या बांधापासून लांब राहा. आणि विष्ठा जिथं पडली तिथंच वाटेत सोडू नका. तिच्यातून जंतांची अंडी मातीत जातात आणि तिथून अनवाणी पोरांपर्यंत. एक कागद, एक खड्डा, वर माती, एवढं पुरतं.

काकांचं कुत्रं अजून फाटकाशी बांधलेलंच असतं. काळं, गावठी, आवाजानं जबर. परवा त्यांनी विचारलं, "ती दोरी कुठं मिळती?" मी माझ्याकडची जुनी देऊन टाकली. तुमच्याही दारात असं एखादं असेल तर माझी विनंती आहे. लसी झालेल्या असतील तर उद्या उजाडायच्या वेळी त्याची साखळी काढा, पाच हात दोरी लावा आणि जवळच्या झाडीच्या कडेला न्या. लांब जाऊ नका. पहिल्या झाडाशी ते थांबेल, तेव्हा तुम्हीही थांबा आणि त्याचं हुंगून होईपर्यंत दोरी ओढू नका.